च्युइंगमचा करंडक

"सर, इथं आवाज कापरा करायचा का नुसता खाली आणायचा?"

शालन लोंढेनं हे विचारलं तेव्हा आम्ही तिघं शाळेच्या ग्रंथालयात बसलो होतो. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची एक खोली, चार कपाटं आणि एक लांब बाक. मी मराठी शिकवत असे आणि ग्रंथालयाचं काम मी हेडसरांकडून मागून घेतलं होतं, कारण तिथं फारसं बोलावं लागत नसे.

"होऊ दे थोडा कापरा," मी म्हणालो. "पण मुद्दाम करतेस असं वाटता कामा नये."

"मुद्दामच करायचा की, सर."

समोर बसलेला भरतेश चौगुले फिस्सकन हसला. शालननं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "तू हस. तुझं भाषण ऐकून परीक्षक झोपणारायत."

"झोपू देत. झोपेत गुण जास्त देतात," भरतेश म्हणाला.

दोघंही नववीत होती. आमचं गाव सांगलीपासून एस.टी.नं तास-सव्वा तासावर. सांगलीत दर हिवाळ्यात शाळांची वादविवाद स्पर्धा भरे. त्या वर्षी सिंगापूरनं च्युइंगमवर बंदी घातल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती, आणि ती वाचून कुणाला तरी विषय सुचला होता : 'सार्वजनिक स्वच्छतेसाठी सरकारने च्युइंगमवर बंदी घालावी.' प्रत्येक शाळेनं दोघांना पाठवायचं, एकानं अनुकूल बोलायचं, एकानं प्रतिकूल, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक द्यायचा. भाषणं विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावीत असा नियम होता. ती सगळ्या शाळांत शिक्षकच लिहीत, आणि हे परीक्षकांनाही माहीत होतं, कारण परीक्षकही शिक्षकच असत.

त्यामुळे एकाच टेबलाशी बसून, एकाच पेनानं, मी बंदी का घालावी हे लिहीत असे आणि पान उलटून ती का घालू नये हेही लिहीत असे. मला स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

भरतेशच्या वडिलांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी च्युइंगमची बरणी. "पप्पा तुमच्यावर खूश आहेत, सर," तो मला म्हणाला होता. "म्हणाले, प्रतिकूलच बोल, माल भरून ठेवलाय." त्याचं पाठांतर चोख होतं आणि सांगितलेलं तो तंतोतंत करी. त्याच्या भाषणात मी लिहिलं होतं की सवयी कायद्यानं बदलत नाहीत, शिक्षणानं बदलतात. आज च्युइंगम, उद्या शेंगांची टरफलं, परवा उसाची चिपाडं, सरकारनं माणसाच्या तोंडात किती डोकवायचं? मुद्दे बरे होते, पण भाषण कोरडं होतं. माझं लेखन कोरडं होतं हे मला नेहमीच ठाऊक असे. ते ओलं कसं करायचं हे ठाऊक नसे.

शालनचं भाषणही आधी तसंच होतं. मग एका संध्याकाळी भरतेश गेल्यावर ती मागे थांबली.

"सर, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगम कसं काढतात, माहितीय तुम्हाला?"

"नाही बुवा."

"आई काढते. स्टँडवर."

तिची आई, हौसाबाई, एस.टी. स्टँडवर झाडलोटीच्या कामाला होती, हे मला माहीत होतं. आठवीनंतर शालनचं नाव शाळेतून काढायचं तिनं ठरवलं होतं, तेव्हा मी स्टँडवर जाऊन तिच्याशी बोललो होतो. बोललो म्हणजे, दोन-तीन वाक्यं कशीबशी म्हणालो. "पोरगी हुशार आहे हो. दहावी होऊ द्या. मी बघतो तिच्याकडे." हौसाबाई झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "तुमचा सबुद हाय न्हवं, मास्तर? मग ऱ्हाऊ दे." तेवढंच.

शालन उठली. दारातून बाहेर कुणी नाही ना ते तिनं पाहिलं. मग बाकाशेजारी एक गुडघा टेकून बसली, उजव्या हातानं बाकाचा पाय धरला आणि डाव्या हातात जणू पत्र्याचा तुकडा आहे अशी बाकाची खालची बाजू खरवडू लागली. मान एका बाजूला कललेली, ओठ घट्ट मिटलेले.

"डाव्या हातानं?" मी विचारलं.

"आई डावखुरी आहे. उजव्यानं तिला काही जमत नाही. उन्हाळ्यात ते मऊ होतं सर, मग पत्रा नुसताच फिरतो. मग रॉकेलचा बोळा लावायचा. आई म्हणते, त्यात लोकांचं दात उमटल्यालं असत्यात. चघळायचं कुणी आन् दात बघायचं कुणी."

मी वहीत लिहून घेऊ लागलो. ती उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती.

"हे भाषणात घेऊ या?"

तिनं हातांवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "नाव नका घालू."

"नाही घालणार."

"आणि सर, आईचं हसू व्हायला नको."

"वेडी आहेस का? लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

हे मी मनापासून म्हणालो होतो.

त्यानंतर आवाज कुठं कापरा करायचा याची तालीम सुरू झाली. 'ज्यानं ते चघळलं त्याचा चेहरा तिला कधी दिसत नाही. तिला दिसतात फक्त त्याचे दात.' शालन हे वाक्य बोलू लागली की भरतेशही खिडकीबाहेर बघणं थांबवी. ते वाक्य माझं नव्हतं, हौसाबाईचं होतं. मी फक्त त्याला इस्त्री केली होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी एस.टी.त चढलो तर हौसाबाई आधीच मागच्या सीटवर बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, पायात नव्या चपला.

"मास्तर, मी पन येतीया. पोरगी म्हनली, चल."

"या ना, या," मी म्हणालो. पुढं काय बोलावं ते न सुचून मी तिकिटं मोजली.

सवयीनं तिनं सीटच्या कडेखाली हात फिरवला. शालननं तो हात पटकन ओढून मांडीवर ठेवला. "आई. आज नको."

"बगत हुते," हौसाबाई म्हणाली. "हाय हितं पन एक."

सांगलीच्या त्या सभागृहात दरवर्षी येणारे शिक्षक एकमेकांना ओळखत. मिरजेच्या बाजूच्या एका शाळेचे मगदूम सर दारातच भेटले. मोठा देह, मोठा आवाज. त्यांची मुलं सभा हसवत आणि गेली दोन वर्षं करंडक त्यांच्याकडे होता. आमची शाळा दोन्ही वेळा दुसरी आली होती.

"या वाटवे, या!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दोन हातरुमाल आणलेत मी. यंदा कुणाचं श्राद्ध घालणार?"

भोवतीचे शिक्षक हसले. मीही हसलो.

"नाही, खरंच सांगतो," मगदूम सर म्हणाले, "रडवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण एकदा तरी हसवा की हो! तुमच्या मुलांना हसायची बंदी आहे का? सिंगापूरसारखी?"

पुन्हा सगळे हसले. हे खरं होतं म्हणून मला लागलं. मला विनोद करता येत नाही. वर्गात विनोद सांगायला लागलो तर शेवट येण्याआधी माझाच आवाज बारीक होतो आणि मुलं वहीत डोकं घालतात. माझ्या बायकोनंही मला एकदा सांगितलं होतं, "तुम्ही विनोद वाचत चला, सांगू नका."

मी सभागृहात जाऊन बसलो, पण बसवेना. उठून भरतेशला शोधला. तो पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून ओठांतल्या ओठांत भाषण म्हणत होता. मी त्याला जिन्यामागच्या बोळात नेलं.

"शेवटच्या परिच्छेदाआधी एक गोष्ट घालायची."

"आत्ता, सर?"

"बोलायचं थोडंच आहे. करून दाखवायचं आहे."

मी दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. आणि मी, ज्याचा स्वतःच्या लग्नात माळ घालताना हात वर जात नव्हता, त्या जिन्यामागे एक गुडघा टेकून बसलो आणि भरतेशला ते करून दाखवलं. त्याबरोबर म्हणायचं वाक्यही म्हणून दाखवलं, आवाज बदलून.

भरतेश खदखदून हसला. पोट धरून, मागच्या भिंतीला टेकून. तो खोटं हसत नव्हता. माझ्या एखाद्या वाक्याला कुणी असं हसल्याचं मला आठवत नाही. मी पुन्हा करून दाखवलं, या वेळी मान थोडी जास्त कलती केली. तो पुन्हा हसला, पण मधेच थांबला.

"सर, ही शालनची आई का?"

"कुणीही बाई."

"त्या आल्यात, सर. मागं बसल्यात."

"तू नाव कुठं घेतोयस?"

"तरी पण..." तो बुटाच्या टोकानं फरशी घासत म्हणाला. "शालनला सांगू का आधी?"

"तिला कशाला? तिचं लक्ष विचलित होईल. आणि तिच्या आईला, अरे, त्यांना त्यातलं काय कळणार?"

त्यानं फरशी घासायचं थांबवलं. मग म्हणाला, "बरं, सर." सांगितलेलं तो तंतोतंत करी.

शालनचा क्रमांक लवकर आला. ती चांगली बोलली. ती सगळ्यांत चांगली बोलली, असं मला आजही वाटतं. दातांच्या वाक्याशी आल्यावर तिनं आवाज कापरा केला नाही, खालीही आणला नाही. नुसती थांबली, आणि मग साध्या आवाजात ते बोलून गेली. सभागृहात खुर्चीचाही आवाज नव्हता. मी मागे वळलो. हौसाबाई पदराच्या टोकानं डोळे टिपत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला हातानं खुणावून सांगत होती की ती माझी पोरगी.

मगदूम सरांनी खिशातून हातरुमाल काढून मला दाखवला आणि डोळा मारला.

मग इतर शाळांची मुलं बोलली. बंदी घाला, बंदी घालू नका. एका मुलानं सिंगापूरचा नकाशा आणला होता, तो उलटा धरला. भरतेश शेवटून दुसरा होता.

त्यानं सुरुवात नेहमीसारखी केली. शिक्षण, कायदा, टरफलं, चिपाडं. परीक्षकांपैकी एकानं चष्मा पुसला. मग भरतेश थांबला आणि माइकपासून बाजूला आला.

"अध्यक्षमहाराज, मघाशी आपण सगळे एका बाईसाठी हळहळलो. पण त्या बाईला कुणी विचारलंय का? चला, विचारू या."

तो मंचावर एक गुडघा टेकून बसला. उजव्या हातानं टेबलाचा पाय धरला. डावा हात टेबलाखाली घालून तो खरवडू लागला, मान कलती, ओठ मिटलेले, आणि मग मान वर करून, गळा काढून म्हणाला :

"सायेब, बंदी नगा घालू वो! तुमी चगळा, तुमी चिकटवा, मी हाय की खरवडायला! तुमी थांबला तर म्या काय करू, बसून ऱ्हाऊ?"

सगळं सभागृह हशानं फुटलं. मुलं खुर्च्या बडवू लागली. अध्यक्ष हसत हसत पुढे झुकले. मगदूम सरांनी माझ्या मांडीवर जोरात चापट मारली. "वाटवे! अहो वाटवे! हे कुठं लपवून ठेवलं होतं?"

इतक्या लोकांना मी हसवलं होतं. मंचावर मी नव्हतो, माझं नाव कुणी घेत नव्हतं, तरी ते हसू माझं होतं. ते किती आहे ते बघायला मी मागे वळलो.

हौसाबाईही हसत होती. सगळे हसताहेत म्हणून, पदर तोंडाशी धरून. भरतेश अजून खरवडत होता. हसू थांबेपर्यंत थांबू नकोस, असं मीच त्याला सांगितलं होतं. ती त्याच्या हाताकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात ती नव्हती. तिनं मांडीवरचा आपला डावा हात पाहिला आणि तो हळूच पदराखाली घेतला.

पुढच्या रांगेत स्पर्धकांच्या खुर्च्या होत्या. शालनच्या मला फक्त दोन वेण्या दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

करंडक आम्हाला मिळाला. भरतेश पहिला, शालन दुसरी. निकाल सांगताना मुख्य परीक्षक, एक निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "कुमार चौगुले यांनी अभिनयाची जी चुणूक दाखवली, ती या स्पर्धेत मी प्रथमच पाहिली. किंचित बोचरी, पण काय निरीक्षण!" आणि मग त्यांनी मला मंचावर बोलावलं. करंडक माझ्या हातात दिला, दोन्ही मुलांना शेजारी उभं केलं आणि माइक माझ्याकडे वळवून मिश्कीलपणे विचारलं, "वाटवे सर, आता खरं सांगा. ती बाईची कल्पना कुणाची?"

सभागृहात पुन्हा हशा पिकला, कारण शिक्षकांना कुणी असं उघड विचारत नसे.

भरतेश माझ्याकडे बघत होता. शालनही. तिचा चेहरा शांत होता, वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतानाचा.

माइकसमोर माझी जीभ नेहमीच कोरडी पडते. पण त्या दिवशी एक वाक्य आपणहून आलं, इतक्या वर्षांच्या सवयीचं.

"माझं यात काही नाही," मी म्हणालो. "सगळं मुलांचंच आहे. श्रेय त्यांचं."

टाळ्या पडल्या. भरतेशला पडल्या होत्या त्याहून जास्त. परीक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अशी नम्र माणसं राहिली नाहीत आता."

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. अजूनही एखाद्या सभेत कुणी श्रेय नाकारलं की मी आपल्या पायांकडे बघतो.

परतीच्या एस.टी.त मी पुढे बसलो, मांडीवर करंडक. मुलं मागे होती. गाडी सुटल्यावर थोड्या वेळानं हौसाबाई दांड्या धरत धरत पुढं आली आणि माझ्या पलीकडच्या सीटवर टेकली.

"मास्तर, मग आता सरकार बंदी घालनार का?"

"नाही हो, हौसाबाई. ही नुसती स्पर्धा. बोलायची."

"पन जिकलं कोन? बंदीवालं का बिगरबंदीवालं?"

"दोन्ही आपलीच होती."

"दोनी आपलीच?" तिनं विचार केला. "मंजी तुमी हिला सांगितलं घाला म्हन, आन् त्येला सांगितलं घालू नगा म्हन?"

"तसंच काहीसं."

"मग तुमचं काय म्हननं?"

मी करंडकाच्या कानाशी चाळा करत राहिलो. बाहेर उसाची शेतं मागे जात होती. तिनं उत्तराची फार वाट पाहिली नाही.

"त्ये पोरगं," ती आवाज खाली आणून म्हणाली. "किराण्याचं. त्ये मला वळखतंय का वो?"

"का?"

"न्हाई, हुबेहूब केलं. मी अशीच बसती. हात पन ह्योच." तिनं पदराखालचा हात थोडा हलवला, बाहेर काढला नाही. "स्टँडवर बघितलं आसंल मला कवातरी."

अजूनही सांगता आलं असतं. गाडीत गर्दी नव्हती, कंडक्टर डुलक्या घेत होता, आणि ऐकणारी एकटी हौसाबाई होती.

"असेल," मी म्हणालो. "मुलं बघत असतात."

"व्हय," ती म्हणाली. "बगत्यात."

ती उठून मागे गेली. मी पाहिलं तेव्हा शालन आणि भरतेश शेवटच्या सीटवर डोकी जवळ आणून कुजबुजत होती. आधी शालन बोलत होती आणि भरतेश मान हलवून नाही म्हणत होता. मग तो ऐकत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

आमच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. हौसाबाई नळावर चूळ भरायला गेली. भरतेश खांबाशी जाऊन उभा राहिला. शालन माझ्यापाशी आली.

"सर."

"बोल."

"आई डावखुरी आहे हे भरतेशला माहीत नव्हतं. तो आजच्याआधी स्टँडवर कधी आलेला पण नाही, पप्पांच्या मोटारसायकलवरनं फिरतो. मी फक्त तुम्हाला दाखवलं होतं. ग्रंथालयात."

मी तोंड उघडलं. "शालन, मी..."

"राहू दे, सर." ती नळाकडे बघत भराभरा बोलत होती, भाषणाच्या वेळी वेळ संपत आल्यावर बोलावं तशी. "मी आईला सांगितलंय की भरतेशनं तुला इथं बघून केलं. त्यालाही तसंच सांगायला लावलंय. तो व्हय म्हणालाय. तुम्ही पण काही बोलू नका."

"पण का? मी सांगतो त्यांना. आत्ता सांगतो."

"नको." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आईनं मला शाळेत तुमच्या शब्दावर ठेवलंय, सर. तो मला दहावीपर्यंत पुरवायचाय."

तेवढ्यात हौसाबाई तोंड पुसत आली. नळावर तिनं काहीतरी ठरवून टाकलं असावं, कारण तिचा नेहमीचा मोठा आवाज परत आला होता.

"ये रं हिकडं, नकल्या!"

भरतेश खांबापासून निघून पुढं आला.

"मला सांग, ही बंदी आली तर मी बसून ऱ्हाईन व्हय? अरं येड्या, गम गेला तरी पानाच्या पिचकाऱ्या हायत की! त्यास्नी कोन पुसनार, तुझा बा?"

भरतेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "चुकलं, मावशी."

"कवा बघितलंस मला?"

त्यानं शालनकडे पाहिलं. "मागच्या आठवड्यात. मामाला सोडायला आलतो."

"आन् लगीच नक्कल!" ती हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे वळली. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा थकलेला दिसत होता.

"मास्तर, पोरगं गुणाचं हाय, मी काय वाईट म्हनत न्हाई. पन त्येला जरा सांगा. कुनाच्या कामाची आशी चेष्टा करू ने. चार लोकांत. माझं जाऊ द्या, हिला तिथं बसून ऐकाय लागलं." तिनं शालनच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐकून काय हुतंय? तुमी सांगितलं तर जन्मभर ध्यानात ठेवंल."

"सांगतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"नुसतं सांगू नगा. तुमी लई मऊ. कान धरा त्येचा, माझ्यासमोर."

मी शालनकडे पाहिलं. ती नळातून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

भरतेश एक पाऊल पुढं आला. त्यानं डोकं खाली केलं आणि मला सोयीचं पडेल अशी मान थोडी कलती केली.

माझ्या उजव्या हातात करंडक होता. म्हणून मी डाव्या हातानं त्याचा कान धरला.